विहिरीचं घर

आजोळच्या घराला पश्चिमेकडे एकही खिडकी नाही. दार नाही, झरोका नाही. दीड-दोन हात जाडीची दगडमातीची भिंत आणि तिला बाहेरून शेणामातीचं लिंपण, एवढंच. बोलणं टाकलेला म्हातारा जसा मुद्दाम पाठ करून बसतो, तसं हे घर सह्याद्रीकडे पाठ करून बसलेलं आहे. भांडणाला कारणही तसंच आहे. आषाढ लागला की तिकडून वारा सुटतो. पाऊस सगळा इगतपुरीला उतरवून ठेवायचा आणि रिकाम्या हातानं आमच्याकडे यायचं, हा त्या वाऱ्याचा पिढीजात खाक्या. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथून पन्नास-साठ किलोमीटरवर, सिन्नर तालुक्याच्या दक्षिण अंगाला, पाचशे पडला तरी लोक एकमेकांना सांगतात की यंदा बरंय. असल्या वाऱ्याला घरात कोण घेणार?

आम्ही राहतो त्या नाशिकच्या इंदिरानगरहून तिकडे जायचं म्हणजे वडाळा गावावरून पुणे रस्त्याला लागायचं. नाशिकरोड, शिंदे-पळसे, मोहदरीचा घाट, सिन्नर आणि मग दोडीच्या अलीकडे डांबरी सोडून डोंगराकडे वळायचं. शेवटचा दीड किलोमीटर गाडीवाट आहे. गाडीवाट हे तिचं जुनं नाव. बैलगाडी गेली, आता तिच्यावरून ट्रॅक्टर आणि मामाची मोटारसायकल जाते. चढ संपला की माळ लागतो, माळाच्या टोकाला एक लिंब, लिंबाखाली विहीर आणि विहिरीकडे तोंड करून ते.

गावात त्याला कुणी घर म्हणत नाही. ‘वरली वस्ती’ म्हणतात. आमच्या लहानपणी हा फरक कळत नसे, पण तो खरा होता. घर गावात असतं. त्याला शेजार असतो, बोळ असतो, भिंतीला भिंत असते. आपल्याकडे माणसं पांढरीत राहायची आणि काळीत राबायची. रात्री सगळ्यांनी गावकुसाच्या आत. चोराचिलटांचं भय, दरोडेखोरांचं भय, लांडग्यांचं भय. एकटं घर रानात बांधणं म्हणजे वेडेपणाच. डोंगराच्या पलीकडे संगमनेरजवळ जोर्वे आहे. तिथं 1950 साली उत्खनन झालं आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा निघाल्या. त्या काळचे शेतकरीसुद्धा एकमेकांना धरून, खेटून राहत होते. तेव्हा माळावर एकटं बसलेलं घर हे काही पुरातन प्रकरण नव्हे. ते फार तरुण आहे. माझ्या आईहून लहान.

आजोबांनी, म्हणजे दादांनी, 1958 साली त्याच वर्षी विहिरीला पाणी लागलं म्हणून ते बांधलं. हा क्रम मी ठासून सांगते आहे, कारण त्या घराचा सगळा स्वभाव त्या क्रमात आहे. विहीर आधी, घर मागून. ते माणसांना राहायला बांधलंच नव्हतं. माणसांना राहायला गावात वाडा होता, भावकीचा, भांडणांचा, पण होता. हे बांधलं विहिरीला सोबत म्हणून. पाणी लागल्यावर मोट आली, मोटेबरोबर बैल आले, बैलांबरोबर कडबा आला, आणि एवढं सगळं रात्री उघड्यावर टाकून गावात झोपायला कोण जाणार? म्हणून आधी छप्पर झालं, मग गोठा, मग गोठ्याला लागून तीन खणांचं माळवद. दार पूर्वेला धरलं, त्याला वास्तुशास्त्राचं कारण नव्हतं. दारातून विहीर दिसली पाहिजे, हे कारण होतं. अंथरुणावरून मान वळवली की धाव, थारोळं आणि पलीकडे रहाट दिसे.

माळवदाच्या घराची मिजास ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. कमी पावसाच्या मुलखाचं ते घर. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडव्या काठ्यांच्या किलचा, किलचांवर तरवडाचा पाला, आणि वर हातभर मातीचा थर. सगळ्यात वर पांढरी चिकण माती चोपून बसवायची. उन्हाळ्यात आत शिरलं की माठात शिरल्यासारखं वाटे. थंडीत उबदार. छताला धूर जायला एक भोक, त्यावर बूड फुटलेलं मडकं पालथं. स्वयंपाकाच्या वेळी त्या भोकातून उन्हाचा एक सरळ सोट खाली यायचा आणि त्यात धूर वळवळत राहायचा. घड्याळ नव्हतं, तो सोट उखळाजवळ आला की आजी भाकरी टाकायला घेई. असं हे घर वळवाच्या सरीला घाबरायचं नाही. पाणी आलं, वाहून गेलं, झालं. त्याला भय झडीचं. चार दिवस भुरभुर लागून राहिली की माती फुगे, आणि मग ते सगळीकडून टिपकायला लागे. आजी पातेली, वाट्या, परात मांडून ठेवी. एरवी पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसलेला माणूस चौथ्या दिवशी त्याच आभाळाला शिव्या घालताना मी पाहिला आहे. ते घर असं दुतोंडी होतं, आणि त्यानं आम्हालाही तसंच केलं.

कंजूष तर इतकं, की त्यात एकही वस्तू दुसऱ्या कामाशिवाय नव्हती. कोनाड्यात दिवा आणि दिव्यामागे वह्या. भिंतीतल्या बळदात बाजरी आणि बाजरीत दडवलेले आंबे. पण पाहुण्याला ते कधी नाही म्हणालं नाही. दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन उतरणीला लागत, घाटाकडे. जाताना दोन रात्री आमच्या शेतात मेंढरं बसवत. त्याबदल्यात त्यांना धान्य आणि शेताला लेंडीखत. त्या दोन रात्री घराच्या अंगणात तीन दगडांच्या चुली पेटत, कुत्री भुंकत, घोड्यांना चंदी मिळे, आणि ते एकलकोंडं घर दोन दिवसांपुरतं गाव होई. दोडीच्या म्हाळोबाचं नाव घेत म्हातारा धनगर ओट्यावर बसे. आजी त्याला चहा देई आणि कपाऐवजी पितळी पेला देई, कारण कप एकच होता आणि तो दादांचा.

1972 साली हे घर रिकामं व्हायला हवं होतं. तालुक्यात तेव्हा रिकामं व्हायचं निमित्त सगळ्यांना होतं. दोन वर्षं आधीपासून पाऊस हात आखडत होता, त्या वर्षी त्यानं हात उचललाच नाही. बैल मातीमोल गेले. मोठी मावशी आणि आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात; तिथं सुकडी मिळे. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळे, तिची भाकरी थापली की फुटे. दादा मात्र घर सोडून हलले नाहीत. का, तर विहीर. वरचा मुरूम संपला होता, मांजऱ्या संपला होता, खाली काळा पाषाण लागला होता. त्यांनी सुरुंग लावून विहीर आणखी दोन परस खाली नेली. पाणी किती आलं? दिवसाला चार घागरी. तेवढ्यासाठी माणूस घराला चिकटून राहतो हे आता कुणाला खरं वाटणार नाही, पण मला ते सहज पटतं. विहीर एकटी टाकून जायचं नसतं, एवढं त्या घराला ठाऊक होतं.

पुढे माळावर खांब आले, वीज आली. मोट सुटली, चऱ्हाट खुंटीला गेलं. मोटार बसली आणि घराचा खरा पहारा तेव्हा सुरू झाला. वीज कधी दिवसा, कधी रात्री; आली की मोटार चालू करायची आणि पिकाला पाणी द्यायचं. रात्री दोनला वीज आली तर दोनला. ओट्यावर एक पिवळा दिवा कायम चालू ठेवलेला असे. तो पेटला म्हणजे वीज आली. दिवा पेटला की घर आधी जागं होई, मग माणसं. मामा पायात गमबूट घालून, बॅटरी घेऊन दारं धरायला जाई आणि दादा अंथरुणात पडल्या पडल्या मोटारीचा आवाज ऐकत. आवाज जरा पातळ झाला की ओरडत, “फुटबॉल उघडा पडला रं, बंद कर!” फूट व्हॉल्व्हला आमच्याकडे सगळे फुटबॉल म्हणत. मला तेव्हा वाटे, विहिरीच्या तळाशी खरंच एक चेंडू आहे आणि दादा जमिनीतून तो बघू शकतात. मातीच्या भिंतीला कान लावला की मोटारीची धडधड ऐकू यायची. सुट्टीत आम्ही पोरं भिंतीला पाठ लावून झोपायचो. अजूनही मला पाण्याच्या पंपाचा आवाज असला की झोप चांगली लागते. नवऱ्याला हे विचित्र वाटतं.

विहीर कशानं आटली? दुष्काळानं नाही. नव्वदच्या दशकात रस्त्याच्या कडेला बोअर लागायला लागले. दोनशे फूट, मग चारशे, मग सहाशे. एकानं मारला की शेजाऱ्यानं त्याहून खोल मारायचा. आमच्या विहिरीचं पाणी कुठल्या भेगेतून कुणाच्या बोअरला गेलं, याचा पत्ता लागणं शक्य नव्हतं. काळ्या पाषाणात पाणी भेगांतून फिरतं आणि भेगांचा सातबारा नसतो. शेवटी मामानंही खाली डांबरीजवळ बोअर घेतला. दादा तेव्हा नव्हते. ते 1994 साली गेले, ते बरंच झालं म्हणायचं. पुढे त्या पाण्यावर डाळिंब लावलं, त्यावर तेल्या रोग आला, बाग उपटली, शेततळं केलं. ही हकीकत तालुक्यात घरोघर आहे, लांबवत नाही.

वस्ती तरीही चालू होती. आजी एकटी राहत होती आणि रात्री उठून मोटार चालू करायला माणूस लागतच होता. तो माणूस नको झाला तो एका पेटीमुळे. मोटारीच्या स्टार्टरला मोबाईलचं सिमकार्ड बसवलेली पेटी जोडतात. फोन लावला की मोटार चालू, पुन्हा लावला की बंद. मामानं ती आणली आणि पहिल्या रात्री गावातल्या घरी, पलंगावर बसून त्यानं सगळ्यांना प्रयोग करून दाखवला. टाळ्या पिटण्यासारखंच होतं ते. इतकी वर्षं ज्या कामासाठी ते घर जागत आलं, ते काम पलंगावरून एका फोनवर झालं. दुष्काळानं जे जमलं नाही, शहरानं जे जमलं नाही, ते त्या पेटीनं केलं. लोक म्हणतात, पोरं नाशिकला गेली म्हणून वस्त्या ओस पडल्या. पोरं गेली हे खरं. पण पोरं आधीच गेली होती आणि घर तरी चालू होतं. ते बंद झालं काम संपल्यावर.

2011 साली आजी आमच्याकडे इंदिरानगरला आली. तिला आम्ही बाई म्हणायचो. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, आणि त्याला पश्चिमेकडेच मोठी खिडकी. तिच्यातून पांडवलेण्याचा डोंगर दिसतो. पाहुणे आले की आम्ही कौतुकानं दाखवतो. बाई ती खिडकी उघडू द्यायची नाही. “तिकडून काय येतं? वारं,” म्हणायची. पहाटे साडेचारला उठून बसायची. नळाला पाणी येण्याची वेळ तिला घड्याळावाचून कळे. खाली पंप सुरू झाला की कान देऊन ऐके, आणि गच्चीवरची टाकी भरली की सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं ओरडे, “टाकी वाहतीय गंऽऽ!” पहिले दोन महिने सोसायटीत कुरकुर झाली. तिसऱ्या महिन्यात सेक्रेटरी स्वतः येऊन म्हणाले, आजी गावाला गेल्या का, काल टाकी तासभर वाहिली. मी त्यांना काय सांगणार होते? आमच्या दुसऱ्या मजल्यावर माळावरची एक अख्खी वस्ती राहायला आली आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

तिनंच एक दिवस खाली पार्किंगमध्ये बघून मला विचारलं, “इथं विहीर होती का गं?” पार्किंगच्या एका कोपऱ्यातल्या फरश्या दर पावसाळ्यात खचतात. आम्ही दर वर्षी नव्या बसवतो आणि बिल्डरला नावं ठेवतो. पण जुन्या वडाळ्यातल्या एका भाजीवाल्या आजोबांनी पुढे सांगितलं, तुमची बिल्डिंग मळ्यात आहे, तिथं मोटेची विहीर होती, मुरूम टाकून बुजवली. विहिरीशेजारी लिंब होता, आणि वस्तीही होती. इंदिरानगर असंच वसलं आहे. वडाळा आणि पाथर्डी या दोन गावांच्या मधले मळे होते, त्यांचे प्लॉट पडले. आम्ही 1987 साली आलो तेव्हा चारी बाजूंना पिकं उभी होती आणि वडाळा-पाथर्डी रस्त्यावर पावसाळ्यात चपला चिखलात राहून जायच्या. त्या मळ्यांतल्या वस्त्यांची आता भिंतसुद्धा शिल्लक नाही. आमच्या माळावरच्या म्हाताऱ्याचं निदान पडकं अंग तरी आहे.

अंग म्हणजे तरी काय उरलंय? 2016 मध्ये जुनं लाकूड घेणारे लोक आले. मामानं चौकटीसकट दार आणि ओट्याचे दोन खांब विकले. मी चिडले. मामा म्हणाला, “वाळवी खाणारच होती, त्यापेक्षा माणसानं खाल्लं काय वाईट?” या व्यापाराला आता भाव आहे. हमरस्त्यावरची हॉटेलं ‘चुलीवरचं जेवण’ अशी पाटी लावतात आणि आत असली दारं, खांब, जाती, कंदील मांडतात. आमचं दार कुठल्या हॉटेलात लागलं आहे हे मला कळलेलं नाही. पण पुणे रस्त्यावर जेवायला थांबलं की मी आधी दाराच्या कडीकडे बघते. आमच्या दाराच्या कोयंड्याखाली मामानं लहानपणी खिळ्यानं कोरलेला एक बैल आहे, त्याला तीनच पाय आहेत.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या उंच, कोरड्या माळांवर अशी सोडून दिलेली घरं पुष्कळ आहेत. फोटो बघितले की मला दचकायला होतं. तोच फिकट रंग, तेच एक झाड, तीच वाऱ्यानं घासलेली भिंत. फक्त ती लाकडाची आणि आपली मातीची. पण त्यांची जन्मकथा वेगळी आहे. तिथं 1862 साली कायदा झाला: 160 एकर जमीन जवळजवळ फुकट, अट एवढीच की पाच वर्षं तिथं राहायचं, घर बांधायचं, कसायचं. कोरड्या मुलखात 160 पुरेना म्हणून 1909 मध्ये 320 केले. म्हणजे तिथं घर हा जमिनीचा पुरावा होता. किस्सा असा सांगतात की घर बारा बाय चौदा हवं असं लिहिलेलं, पण फूट की इंच ते लिहिलेलं नव्हतं, तर काहींनी इंचांचं खेळण्यातलं घर ठेवून जमीन पदरात पाडून घेतली. खरं-खोटं देव जाणे, पण पाटबंधाऱ्याच्या कचेरीत हयात गेलेल्या माझ्या वडिलांना तो फार आवडला होता. कायद्यानं जन्माला घातलेली ती घरं पाण्यानं मारली. पाऊस पुरला नाही, माणसं पेटी उचलून निघून गेली. ओरेगॉन राज्यात फोर्ट रॉक इथं अशी काही घरं उचलून एका जागी मांडली आहेत आणि त्यांचं संग्रहालय केलं आहे. आपल्याकडे ते काम हॉटेलवाले करतात.

मागच्या मार्गशीर्षात वस्तीवर गेले होते. तीन खणांपैकी दोन खण बसले आहेत. किलचा बरगड्यांसारख्या बाहेर आल्या आहेत आणि मधल्या मातीच्या ढिगावर तरवड उगवला आहे. ज्या झाडाचा पाला छतात घातला होता तेच झाड आता छताच्या जागी उभं आहे. बळदात कुंभारीण माश्यांची घरं. विहिरीत पारवे, त्यांचा घुमारा वर येतो आणि क्षणभर वाटतं, मोटार चालू आहे. गुराखी म्हणाला, उन्हाळ्यात पडवीत बिबट्या बसतो, थंड लागतं ना त्याला. धुळीत ठसे होते. कुत्र्याचे असतील, बिबट्याचे असतील, मी वाकून बघितलं नाही. धनगर अजून दोन रात्री उतरतात, अंगणातले तीन दगड काळे होते. त्यांनी कुणाला विचारलं नाही आणि कुणी त्यांना विचारावं असंही नाही. डोंगराच्या माथ्यावर पवनचक्क्या दिसतात. ज्या वाऱ्याकडे घरानं जन्मभर पाठ केली, त्याच्यावर आता वीज होते.

पश्चिमेची भिंत मात्र जशीच्या तशी आहे. पोपडे आलेत, पण ओळंबा लावून बघावा इतकी सरळ. पूर्वेकडे दाराच्या जागी मोठं भगदाड आहे, त्यातून अजून विहीर तेवढी दिसते. मी ओट्यावर बसले आणि मामा म्हणाला, “काय बघतीस गं त्या भिताडात? चल, ऊन झालं.” आणि जाताना त्यानं स्वतःच, कुणी बघत नाहीसं पाहून, भिंतीतून निसटलेला एक दगड उचलून पुन्हा जागेवर बसवला.

तलाठ्याकडून सातबारा काढला तर त्यावर विहीर आहे, ‘जलसिंचनाचे साधन’ या रकान्यात, गेली वीस वर्षं कोरडी असूनही. घर सातबाऱ्यावर नाही. ते ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर आहे, दगडमातीचं म्हणून, दादांच्या नावानं. मामा दर मार्चला त्याची घरपट्टी भरतो. यंदाचीही भरली आहे. पावती इंदिरानगरला माझ्याकडे आहे.